एकोणसाठावा दिवस

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात "फाईल कुठे आहे?" असं विचारलं की एका जागेचं नाव कधीच मिळत नाही. फाईल "वर गेलीय", फाईल "खाली आलीय", फाईल "साहेबांकडून उठलीय", फाईल "मार्क झालीय", फाईल "आत्ता इथंच होती". शिपायापासून शहर अभियंत्यापर्यंत सगळे फाईलबद्दल बोलतात ते क्रियापदांत, आणि क्रियापदं सगळी हालचालीची. आळशी फाईल या इमारतीत कुणी पाहिलेली नाही. मग इतकी चालणारी वस्तू पोहोचत का नाही? आपल्याकडे याची तीन उत्तरं तयार असतात. एक जण म्हणतो, आळस. दुसरा काही न बोलता अंगठा तर्जनीवर घासून दाखवतो. तिसरा जरा समंजस असतो, तो म्हणतो, "माणसंच नाहीत हो त्यांच्याकडे." तिन्ही उत्तरं बाहेरच्या टपरीवर कटिंग संपेपर्यंत टिकतात, फाईलच्या मागे चार मजले चढेपर्यंत टिकत नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि माझ्या नावावर कुंडीभरसुद्धा माती नसल्यामुळे ते पूर्ण निःपक्षपाती आहे. परवानगी रखडते, कारण त्या इमारतीतला प्रत्येक माणूस आपलं काम मन लावून करतो. फक्त आपलं काम परवानगी देणं आहे, असं त्यांतल्या कुणालाच वाटत नाही. प्रत्येकाच्या मते आपलं काम आहे विचारणं.

विचारण्याला इतका मान का, हे समजून घ्यायचं तर कायदा उघडावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातलं कलम ४५ सांगतं की ६० दिवसांत नियोजन प्राधिकरणानं निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरून चालायचं. हिला मानीव परवानगी म्हणतात. इथवर वाचून नागरिकाला गहिवरून येतं. पण कलम अजून संपलेलं नसतं. हे ६० दिवस मोजायचे ते अर्ज पोहोचल्यापासून, किंवा प्राधिकरणानं मधे काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर पोहोचल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून. अख्खं खातं या शेवटच्या अर्ध्या वाक्यात राहतं. नकाशा मंजूर करायचा तर तो पुरता तपासावा लागतो. नामंजूर करायचा तर कारण द्यावं लागतं आणि पुढे त्यावर अपील होतं. प्रश्न विचारायला मात्र यांतलं काहीच लागत नाही, आणि वर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तीन वाटांपैकी एक वाट इतकी सोपी असताना दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल खरं तर काळजी वाटायला हवी.

त्यामुळे या खात्यात एकोणसाठाव्या दिवसाला फार महत्त्व. त्या दिवशी होणारा संवाद साधारण असा असतो.

"साहेब, उद्या साठ दिवस पूर्ण होतात."

"असं? मग आज पत्र काढायला पाहिजे."

"मंजुरीचं?"

"त्रुटीचं. जिन्याची रुंदी दाखवलेली नाही."

"दाखवलीय की साहेब, हे बघा, सेक्शनमध्ये आहे."

"सेक्शनमध्ये आहे. प्लॅनमध्ये नाही. तेवढं लेखी कळवा, म्हणजे झालं."

लेखी कळवलं की काहीही होत नाही, उत्तर पोहोचल्यावर नवे ६० दिवस तेवढे सुरू होतात. यावर उपाय म्हणून बांधकाम नियमावल्यांत असंही लिहिलेलं आढळतं की सगळ्या त्रुटी शक्यतो पहिल्याच वेळी कळवाव्यात आणि पूर्तता झाल्यावर नव्या काढू नयेत. हे ज्यानं लिहिलं तो माणूस भला होता, आणि त्यात "शक्यतो" ज्यानं घातलं तो अनुभवी. आता कुणी म्हणेल, साठ दिवस खरोखरच उलटले, कुणीच काही विचारलं नाही, तर मानीव परवानगीवर खुशाल बांधावं. बांधावं की! पण त्याच कलमाचं परंतुक असं की मानीव परवानगी चालते ती नकाशा नियमांत काटेकोर बसत असेल तरच. नसेल तर झालेलं बांधकाम अनधिकृत. म्हणजे जो नकाशा नियमात बसतो की नाही हे सगळ्या खात्याला साठ दिवसांत ठरवता आलं नाही, ते अर्जदारानं एकसष्टाव्या दिवशी सकाळी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं आणि फावडं उचलायचं. वर बँक गृहकर्जासाठी शिक्क्याचा नकाशा मागते. "परवानगी मिळाली असं धरा" म्हटलं तर बँकही "कर्ज मिळालं असं धरा" म्हणायला मोकळी.

विचारायला प्रश्न कमी पडत असतील अशी शंका कुणाला आली, तर परवानगीच्या नकाशावर उजव्या बाजूला असतो तो क्षेत्रफळाचा तक्ता बघावा. त्याची पहिलीच ओळ भूखंडाचं क्षेत्र विचारते, आणि लगेच तिचे तीन पोटप्रकार करते: मालकीच्या कागदानुसार, म्हणजे सातबारा किंवा मिळकत पत्रिकेनुसार, मोजणी नकाशानुसार, आणि प्रत्यक्ष जागेवर. पुढे सूचना, की तिन्हींतलं कमीत कमी असेल ते धरावं. एकाच जमिनीची तीन क्षेत्रफळं येणार, ही गोष्ट सरकारनं नमुन्यातच छापून मान्य केली आहे. सातबारा आर मध्ये बोलतो, मालक गुंठ्यात बोलतो, आर्किटेक्ट चौरस मीटरमध्ये लिहितो आणि गिऱ्हाइकाला चौरस फुटांत सांगतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१ आणि वर थोडं. हे वरचं थोडं आजोबांच्या काळापासून कुणी मनावर घेतलेलं नसतं. बांधावरची बाभूळ कुणाची यावर दोन पिढ्या दावा चालला, पण या सव्वा मीटरबद्दल अवाक्षर नाही. ते पहिल्यांदा दिसतं कनिष्ठ अभियंत्याला, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच तेज येतं. "तिन्ही क्षेत्रफळांत तफावत आढळते. खुलासा करावा." खुलासा भूमी अभिलेख कार्यालयाकडून आणायचा असतो. तिथल्या मोजणीला तिथली तारीख, तिथल्या तारखेला तिथला भूकरमापक, आणि भूकरमापक येतो त्या दिवशी शेजारी नेमका गावाला. नियम सांगतोच आहे की कमीत कमी आकडा धरा, मग तो धरून पुढे का जात नाहीत, असा भाबडा प्रश्न अर्जदाराला पडतो. पुढे जाण्यासाठी कुणीतरी "कमीत कमी धरला" असं लिहून खाली सही करावी लागते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

सगळी गोम या सहीत आहे, तिच्याकडे येईनच. त्याआधी ना हरकत दाखल्यांचा प्रदेश घाईघाईनं ओलांडू, कारण तिथं रमलेला माणूस लवकर परत येत नाही. अग्निशमन, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, झाडं, रस्ता. जागा रेल्वेजवळ असेल तर रेल्वे, समुद्राजवळ असेल तर किनारा नियमन, विमानतळाजवळ असेल तर उंचीचा दाखला. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे गच्चीवरची पाण्याची टाकी किती उंच असावी यात देशाच्या संरक्षणाचाही विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. झाडांचं तर विशेष. १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायची परवानगी देण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे अर्जदार ना हरकत मागायला जातो आणि खातं जाहिरात देऊन हरकती गोळा करतं. प्रत्येक दाखल्याला स्वतःची मुदत असते, आणि पाचवा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपत आलेली असते. मग पहिल्याचं नूतनीकरण करायला जावं, तर ते खातं विचारतं, पाचवा आला का? यावर एक खिडकी योजना निघाली. खिडकी खरोखरच एक असते. तिच्या मागे खोल्या पूर्वीइतक्याच असतात, फक्त आता त्या दिसत नाहीत.

तर सही. शासकीय टिपणीचा जरा बारकाईनं अभ्यास केला की कळतं, मराठी भाषेत इतकी जबाबदार वाटणारी आणि इतकी जबाबदारी टाळणारी वाक्यं दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकारात नाहीत. कनिष्ठ अभियंता लिहितो, "प्रस्ताव नियमात बसत असल्याचे दिसून येते, मान्यतेस्तव सादर." बसतो असं तो लिहीत नाही, दिसून येते असं लिहितो, उद्या न बसला तर दोष दृष्टीचा. उपअभियंता लिहितो, "वरीलप्रमाणे." कार्यकारी अभियंता लिहितो, "तपासून सादर करावे." तपासूनच सादर केलेली फाईल अशी तपासण्यासाठी खाली येते. दुसऱ्यांदा वर गेली की "चर्चा करावी". चर्चेसाठी साहेब जागेवर लागतात, साहेब मीटिंगमध्ये, मीटिंग रखडलेल्या फायलींचा आढावा घेण्यासाठी. शेवटी एक दिवस अगदी वरून, हिरव्या शाईत, लपेटीदार अक्षरात उत्तर येतं: "नियमानुसार उचित कार्यवाही करावी." आता या वाक्यावर खालचे सगळे पुन्हा विचारात पडतात, की साहेब हो म्हणाले का नाही? मुंबईनं तर हा पेच फार आधीच सोडवून ठेवला. तिथं १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली मिळतो तो कागद म्हणजे आयओडी, इंटिमेशन ऑफ डिसॲप्रूव्हल. नापसंती कळवायची आणि सोबत अटींची यादी द्यायची, की एवढं केलंत तर नापसंती उरणार नाही. पिढ्यानपिढ्या मुंबईकर हा नकार मिळाला की पेढे वाटत आले आहेत. होकार न देता परवानगी देण्याची इतकी सुरक्षित रीत माणसाला अजून तरी सापडलेली नाही.

ही भीती उगाच नाही. सही करणाऱ्याला ती सही जन्मभर पुरते. लेखापरीक्षणात ती निघते, माहिती अधिकारात तिची झेरॉक्स निघते, विधानसभेतल्या तारांकित प्रश्नात ती निघते, आणि निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांतून एखाद्या चौकशीच्या नोटिशीच्या रूपानं डोकं वर काढते. कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श सोसायटीचं प्रकरण २०१० साली बाहेर आलं. मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, आणि कोणत्या कागदावर कुणाची सही आहे याचा शोध वर्षानुवर्षं चालला. मंत्रालयातल्या फाईलमधली काही पानं गायब झाली, ती वेगळीच. या प्रकरणातून नागरिकांनी बोध घेतला की गैरव्यवहार करू नये. टेबलांनी घेतलेला बोध असा की सही करू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी असं कलम होतं की पैसे खाल्ल्याचं सिद्ध न होताही, सार्वजनिक हित नसताना कुणाचा फायदा करून दिला एवढ्यावर अधिकारी अडकू शकत असे. २०१८ साली ते काढून टाकलं. पण भीतीला राजपत्र वाचायची सवय नसते.

उलट बाजूला, न केलेल्या सहीची किंमत काय? सरकारनं ती ठरवून दिली आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सेवेला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ५०० रुपयांपासून ५,००० रुपयांपर्यंत, आणि तोही अर्जदार अपिलाच्या पायऱ्या चढत गेला तर. म्हणजे सही केली तर नोकरी पणाला, नाही केली तर फार तर दिवाळीच्या फराळाला कात्री. राज्याच्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा आणखी एक कायदा आहे, ज्याचं पूर्ण नाव उच्चारायलाच विलंब लागतो आणि ज्याला लोक प्रेमानं दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. तो सांगतो की साधारणपणे कुठलीही फाईल एका माणसाकडे कामाच्या ७ दिवसांहून जास्त पडून राहू नये. हेतू फार चांगला. महापालिकेच्या टेबलांना हाच हिशेब लावून पाहा. सातव्या दिवशी फाईल "तपासून सादर करावे" असं लिहून खाली ढकलली, की ढकलणाऱ्यानं कायदा पाळला. खालच्यानं सातव्या दिवशी "वरीलप्रमाणे" लिहून वर पाठवली, त्यानंही पाळला. दोघंही निर्दोष, दोघांचीही टेबलं स्वच्छ, आणि फाईल जिन्यात. कायदे फाईल किती बसली ते मोजतात, पोहोचली की नाही ते मोजत नाहीत, म्हणून आमच्या फायली बसतच नाहीत.

एवढं सांगितल्यावर तो अंगठा-तर्जनीवाला गृहस्थ गप्प बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. "हे सगळं ठीक आहे हो," तो म्हणेल, "पण वजन ठेवलं की सगळ्या त्रुटी कशा नाहीशा होतात?" गृहस्थाचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. पैसे खाण्यासाठी आधी काहीतरी विकायला हवं, आणि इथं विकायला असतो तो फक्त वेळ. हा वेळ खाणाऱ्यानं तयार केलेला नसतो. कलम ४५ मधल्या अर्ध्या वाक्यानं, क्षेत्रफळाच्या तीन आकड्यांनी आणि सहीच्या भीतीनं मिळून त्याचा साठा आधीच केलेला असतो. भ्रष्ट माणूस त्या साठ्यावर नुसतं दुकान मांडतो. दुकान बंद केलं म्हणून माल संपत नाही. खात्यात एखादा अत्यंत सचोटीचा अधिकारी बदलून येतो तेव्हाचं बघा. पहिल्या दिवशी सगळे अर्जदार हार घेऊन जातात. मग कळतं की साहेब चहासुद्धा घेत नाहीत, आणि प्रत्येक फाईल पहिल्या पानापासून स्वतः वाचतात. काही महिन्यांतच आर्किटेक्ट मंडळी आपापसांत कुजबुजू लागतात, "माणूस देव आहे हो, पण बदली कधी होणार?"

दुसरा आक्षेप संगणकवाल्यांचा. माणूस काढा, यंत्र आणा, म्हणजे भीती नाही आणि भूकही नाही. तेही करून झालं. नकाशा तपासणारं ऑटोडीसीआर पुण्यातच तयार झालं, पुढे राज्यात ऑनलाइन प्रणाली आली. यंत्र प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण ते खात्यात वाढलं, त्यामुळे खात्याच्या सवयी त्यानं घेतल्या. नकाशातली प्रत्येक रेषा ठरलेल्या लेअरमध्ये, ठरलेल्या नावानं हवी. भूखंडाची हद्द एका अखंड रेषेनं बंद झालेली हवी. दोन टोकांमध्ये डोळ्याला न दिसणारी फट राहिली की यंत्र म्हणतं, भूखंड सापडला नाही. ज्या जमिनीवर चार पिढ्या नांदल्या ती संगणकाला सापडत नाही! कनिष्ठ अभियंत्याला त्रुटी काढायला एकोणसाठ दिवस लागायचे, यंत्र ती एका सेकंदात काढतं, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे. फट बुजवली की अहवाल हिरवा होतो. आणि तो हिरवा अहवाल, नकाशा व पावती यांच्या प्रिंट काढून, पाठपोट नव्हे तर एका बाजूनं, दोन प्रतींत टेबलावर आणून द्यायच्या असतात, कारण शेवटी डिजिटल सहीचं डोंगल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि ड्रॉवरची किल्ली साहेबांकडे.

माणसं कमी असल्याचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. पुण्यानं २०१७ साली ११ गावं पोटात घेतली, २०२१ साली आणखी २३. गावं आली त्या वेगानं अभियंते आले नाहीत हे उघड आहे. जागेवर जाऊन टेप धरणारा माणूस कमी पडतो आणि तो हवाच. पण टेबलावर नवा माणूस आला की तो नुसते हात घेऊन येत नाही, एक पेन आणि एक शंकाही घेऊन येतो. साखळीत एक कडी वाढली की टिपणीत एक "वरीलप्रमाणे" वाढतं. राजकारण्यांच्या हस्तक्षेपाबद्दल तर बोलायलाच नको. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ मुंबई-पुण्याच्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. हस्तक्षेप करणारे घरी बसले म्हणून फायलींना पंख फुटल्याचं काही कुणी पाहिलेलं नाही.

सगळ्यांत खुबीदार पुरावा मात्र २०२० च्या डिसेंबरात सरकारनंच हाती दिला. राज्याच्या बहुतेक भागासाठी, मुंबई वगळून, एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिनं सांगितलं की १५० चौरस मीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या भूखंडावर कागद सादर करा, शुल्क भरा, पावती हीच परवानगी. वरच्या टप्प्यात, ३०० चौरस मीटरपर्यंत, १० दिवसांत काम. नकाशा नियमात आहे असं परवानाधारक आर्किटेक्टनं लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. अधिकाऱ्याची भीती संपली. आता आनंदी आनंद व्हायला हवा होता. झालं काय, तर काल-परवापर्यंत "ही काय त्रुटी आहे का हो साहेब?" असं विचारणारा आर्किटेक्ट आपल्या ऑफिसात गिऱ्हाइकाला म्हणू लागला, "काका, जरा सातबारा आणि मोजणीत तफावत दिसते. खुलासा आणता का?" काका थक्क. पेनाबरोबर भीतीही टेबल बदलते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि काका तरी कुठे धाडसी? पावती हीच परवानगी असताना ते ती पावती घेऊन महापालिकेत जातात आणि म्हणतात, "साहेब, यावर एक शिक्का मारून द्या ना."

आता शेवटचा आणि जरा गंभीर आक्षेप. घर म्हणजे काही रेशनकार्ड नव्हे, ते पडलं तर माणसं मरतात. मग तपासणीला वेळ लागला तर बिघडलं कुठे? तपासणीला वेळ लागूच द्या, माझी त्याला ना हरकत. पण हा वेळ तपासणीत जातो का, ते बघा. एकोणसाठाव्या दिवशीच्या पत्रात लोखंड किती जाडीचं, काँक्रीट कोणत्या दर्जाचं हे सहसा नसतं. प्लॅनमध्ये जिना का नाही, हे असतं. शिवाय जो विचारायला येतो त्यालाच उशीर होतो. न विचारणाऱ्याला विलंब कसला? ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला जी इमारत कोसळली आणि ७४ माणसं दगावली, ती काही महिन्यांत सात मजले चढली होती, परवानगीशिवाय. तिच्या नकाशात कुणी त्रुटी काढली नाही, कारण नकाशा कुणी दिलाच नव्हता. ज्यांनी रांग लावली नाही त्यांच्यासाठी मागाहून कायदेही निघतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. तेवीस कागद जोडून जिन्याच्या रुंदीवर खुलासा लिहीत बसलेल्या माणसानं ही बातमी कशी वाचावी? बहुतेक जण ती शांतपणे वाचतात, आणि पुढच्या भूखंडाच्या वेळी लक्षात ठेवतात.

मग सह्यांची ही भीती तयार करतो कोण? लेखापरीक्षक, चौकशी समिती, विधिमंडळ, हे सगळे मागाहून येतात. पहिला अर्ज आपलाच असतो. आपल्याला अधिकारी कसा हवा, तर आपल्या फाईलवर डोळे मिटून सही करणारा आणि शेजाऱ्याच्या फाईलवर भिंग लावून बसणारा. दोन्ही माणसं एकाच खुर्चीत बसवायची म्हणजे खुर्चीची पंचाईत होते. आपल्या नकाशात तिसऱ्या बेडरूमला आपणच "स्टोअर" म्हणतो, पार्किंगमध्ये पुढे दुकान काढायचं म्हणून तिथल्या खांबांमधलं अंतर आजच जुळवून ठेवतो, आणि शेजाऱ्यानं कंपाउंडची भिंत वीतभर सरकवली तर लोकायुक्तांपर्यंत जातो. परवा एका सोसायटीतल्या एका सदस्याला, दोन आचारसंहिता आणि एक मोजणी ओलांडून, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं. पूजा झाली, जेवणं झाली, खालच्या मजल्यावरचे काका आशीर्वाद देऊन गेले. सोमवारी सकाळी ॲल्युमिनियमवाला आला आणि त्यानं नकाशातली मोकळी बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करायला माप घेतलं. दुपारी त्याच काकांनी महापालिकेत तक्रार दिली, फोटोसह, तीन प्रतींत, "संबंधित अधिकाऱ्यांनी भोगवटा दिलाच कसा याची चौकशी व्हावी" अशी विनंती करून. कनिष्ठ अभियंत्यानं ती वाचली, प्रमाणपत्रावरची आपली सही काढून एकदा पाहिली, आणि टेबलावर मंजुरीसाठी आलेल्या दुसऱ्याच एका अर्जदाराच्या फाईलवर लिहिलं, "चर्चा करावी."